मिठाचे दोन कण

साहाय्यक संशोधक इंदू भालेराव सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत शिरली, तेव्हा गोजराबाई धुण्याच्या खोलीच्या दारात भिंतीला टेकून उभी होती. हातात रबरी मोजे तसेच होते. पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"ताई, मी न्हाई केलं. लेकीची आण."

आत संचालक हैबतराव मोहोळ येरझारा घालत होते. टेबलावर करंगळीच्या पेराएवढी काचेची बाटली होती. बूच नव्हतं. तळाशी नळाच्या पाण्याचे चार थेंब.

"हिनं धुऊन टाकली," हैबतराव म्हणाले. "आयातीच्या परवान्यासाठी सहा महिने दिल्लीला खेटे घातले होते मी! चार वाजता पुण्याहून समिती येतेय. कंधारेंचा प्रयोग त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवायचाय. कशानं दाखवू?"

बाटलीत एक प्रथिन आलं होतं. कातडीच्या पेशींना वाढायला सांगणारं, माणसाच्याच शरीरातलं. पण हे शरीरातून काढलेलं नव्हतं. माणसाचं जनुक जिवाणूंत बसवून त्यांच्याकडून बनवून घेतलं होतं, फक्त संशोधनासाठी. १९८७ साली मुळशीत अशी बाटली येणं ही अपूर्वाईच होती. वजन शंभर मायक्रोग्रॅम. मिठाचे दोन कण काट्यावर ठेवले तर भरतील तेवढं.

"हिला आजच घरी बसवतो. आणि पौडच्या पोलीस ठाण्यात कळवतो."

"सर, बारापर्यंत थांबा," इंदू म्हणाली.

"कशाला?"

"विचारायचंय थोडं."

हैबतरावांनी घड्याळ पाहिलं. "बारा. एक मिनिट जास्त नाही."

गोजराबाई भरे गावाहून रोज एसटीनं यायची. नवरा गेल्यापासून तिचं आणि लेकीचं या नोकरीवरच चाललेलं. सकाळच्या पहिल्या बाटलीपासून तिचा एक प्रश्न ठरलेला असे, "ह्यात काय हाय का?" स्वच्छ दिसणारी बाटलीसुद्धा ती विचारल्याशिवाय नळाखाली धरत नसे. सगळे तिला हसत. काल दुपारीच आपल्या खोलीतून बाटल्या देताना संशोधक जयसिंग कंधारे म्हणाला होता, "हवा आहे मावशी, जपून धुवा, उडून जाईल!"

"मावशी, ही सापडली कुठे?"

"माझ्या घमेल्यात. काल साडेपाचच्या गाडीला गेले तवा न्हवती. आज बघती तर पालथी पडल्याली."

"धुवायच्या आधी तुम्ही काय करता?"

"इचारते. मंग लेबल सोडवते. कागद भिजला की मोरी तुंबती, ताई. सोडवल्यालं हितं डकवते." तिनं मोरीवरच्या फरशांकडे बोट केलं. लेबलांच्या रांगाच रांगा. "वाचाया येत न्हाई, पर कंची कवा धुतली त्ये समजतं."

इंदूनं बाटली उचलली. लेबल जागच्या जागी होतं. शाई भिजून फुटली होती.

तिचा अंगठा बोटांवर उगाच फिरू लागला. चैन पडत नव्हतं. तिनं फायलीतून बाटलीसोबत आलेली माहितीपत्रिका काढली आणि दोनदा वाचली. मग ती जयसिंगच्या खोलीत गेली.

जयसिंग कंधारे खतांच्या रसायनशास्त्रातून इकडे आलेला. हुशार, घाईचा. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

"काल शेवटी कोण गेलं, सर?"

"मीच. सातला. बाटली शीतपेटीत होती."

"पाहिलीत?"

"पाहिली म्हणजे? रोज पाहतो!"

"किती शिल्लक होतं?"

"निम्मं. प्रत्येक प्रयोगाला थोडी पूड काढून घ्यायचो. पांढरी पूड, तळाशी." टोपण हातातून सुटलं. "तुम्ही त्या बाईला विचारा ना. मला काय विचारता?"

"विचारलं," इंदू म्हणाली.

बाराला पाच मिनिटं कमी असताना तिनं सगळ्यांना धुण्याच्या खोलीत बोलावलं. हैबतराव उभेच राहिले.

"सर, ही बाटली मावशींनी धुतलेली नाही. त्यांनी धुतली असती, तर लेबल या फरशीवर असतं. त्या गेल्यावर कुणीतरी ती घमेल्यात ठेवली. इथली रीत त्याला ठाऊक नव्हती. इथं तो कधी आलाच नसावा."

"कोण?"

"कंधारे सर म्हणाले, तळाशी निम्मी पूड उरली होती. शंभर मायक्रोग्रॅमची पूड दिसत नाही. ते प्रथिन काचेला चिकटून असतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या पापुद्र्यासारखं. आणि ते थोडं थोडं काढतही नाहीत. पाणी थेट बाटलीत घालायचं, सगळं एकदम विरघळवायचं. पत्रिकेत लिहिलंय. एकदा जरी वापरलं असतं, तर त्यांना हे माहीत असतं." ती थांबली. "कंधारे सर, तुमच्या वहीतले आकडे कुठून आले?"

"बाटली रिकामी होती!" जयसिंगचा आवाज चिरकला. "रिकामीच आली होती!"

नळ ठिबकत होता.

"बूच काढलं, उजेडात धरली. आत काही नाही. पोच मीच दिलेली. सगळे म्हणाले असते, यानंच सांडलं. मग... मनानंच आकडे लिहीत गेलो. काल कळलं, समिती बाटली मागणार."

"आणि काल ती नळाखाली धरलीत."

"रिकामी तर होती."

"नव्हती," इंदू म्हणाली. "कालपर्यंत नव्हती."

जयसिंगनं बाटलीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. तो हळूच मोरीच्या कट्ट्यावर टेकला.

हैबतराव फोनकडे गेले. त्यांनी पौडला नाही, पुण्याला लावला. "मोहोळ बोलतोय. आज येऊ नका. त्या निष्कर्षांतला एकही आकडा धरू नका." रिसीव्हर ठेवून ते वळले. "गोजराबाई, माझं चुकलं."

गोजराबाईनं मान हलवली. ती बाटली उचलून खिडकीशी गेली आणि उन्हात फिरवून फिरवून पाहू लागली.

"खरंच कायबी दिसत न्हाई," ती म्हणाली. मग जयसिंगकडे वळली. "पर सायेब, कुणाला तरी इचारायचं व्हतं. मी रोज इचारते की."