झाडाखालचे केस

मोठं झाड हलवायचं तर घाई करून चालत नाही. आधी एका बाजूनं खणायचं, काही आठवडे जाऊ द्यायचे, मग दुसऱ्या बाजूनं. मुळं थोडी थोडी तोडायची, नवी फुटायची वाट बघायची. शेवटी मुळांसकट मातीचा गोळा गोणपाटात आवळून बांधायचा आणि क्रेन बोलवायची. नव्या रेल्वेमार्गाच्या आड येणारी झाडं अशी उचलून दुसरीकडे लावायची, हे तिचं काम. कामगार तिला झाडबाई म्हणत. घरी नवराही चेष्टेनं तेच म्हणे, आणि सासरे मिशीत हसत.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा शिरीष हलवणं मात्र तिच्या जिवावर आलं होतं. तो सासऱ्यांचा शिरीष होता. मालकीचा नव्हे. सासरे न्हावी. त्या झाडाखाली लाकडी खुर्ची टाकून आणि बुंध्याला आरसा टांगून त्यांनी उभा जन्म काढला होता, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी. हात थरथरायला लागला तेव्हा सासऱ्यांनी आपणहून वस्तरा खाली ठेवला आणि खुर्ची घरी आणून गॅलरीत मांडली. तरी रोज सकाळी जाऊन झाडाखाली बसून येत.

झाड जाणार हे तिनंच त्यांना सांगितलं, ताटावरची नजर न उचलता.

"तू नेणार आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मग ठीक आहे. दुसऱ्या कुणी नेलं असतं तर जिवाला घोर लागला असता."

झाड उचललं त्या दिवशी ते बघायला आले. आरशाचा खिळा सालीनं केव्हाच गिळला होता. तिथे नुसती एक खळी उरली होती. झाड हवेत लटकलं तेव्हा ते क्रेनवाल्याला म्हणाले, "जरा मान सांभाळून हं," आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन ओशाळले.

झाडं लावायला गावाबाहेर, जलशुद्धीकरण केंद्राच्या मागं, तारेच्या कुंपणातली मोकळी जागा मिळाली होती. फांद्या छाटलेली, बुंध्याला टेकू दिलेली झाडं तिथं रांगेनं उभी होती, दवाखान्यातल्या पेशंटसारखी. ती दर दोन-तीन दिवसांनी जाई. नखानं साल खरवडून बघे. आत हिरवं दिसलं की तिला हायसं वाटे. पुष्कळदा दिसत नसे.

शिरीषाखालची जमीन कुणीतरी झाडलेली आहे, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला बरंच वाटलं. बुंध्याभोवती गोल, स्वच्छ, केरसुणीचे फराटे उठलेले. बाकी सगळीकडे पाचोळा.

"छान झाडता हो," ती रखवालदाराला म्हणाली.

"मी?" तो म्हणाला. "बाई, माझी खोली बघा एकदा."

पुढच्या खेपेला तिला केस दिसले. मुळाशी एक छोटा ढीग नीट सारून ठेवलेला. तिनं काडीनं तो पसरला. काळे केस, पांढरे केस, मेंदी लावलेले तांबूस केस आणि एक मऊ, भुरी बट, लहान मुलाची असावी तशी. सगळे कापलेले. टोकं सरळ.

तिनं रखवालदाराला बोलावून दाखवलं. त्यानं टोपी काढून आपलं तुळतुळीत टक्कल पुढे केलं. "माझे तर नाहीत, एवढं लिहून देतो." मग टोपी घालताना त्याचा आवाज उतरला. "फाटकाची किल्ली माझ्याच कमरेला असते, बाई. आत कुणी येत नाही."

गोळ्याच्या मातीतून जुने केस वर आले असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. इतकी वर्षं त्या मातीत केसच तर मुरले होते. पण मातीतले केस मळकट असायला हवेत. हे तेलकट होते, ताजे. त्यानंतर एकदा बुंध्याजवळची माती ओली लागली आणि तिला साबणाचा वास आला. तिनं माती तपासायला दिली. साबणाचं पाणी मुळांना बाधतं. पण त्याच आठवड्यात रांगेतली बाकीची झाडं एकेक करून वाळत असताना शिरीषाला पालवी फुटली. बोटाच्या पेराएवढी, पोपटी.

घरी सासरे मात्र आटत चालले होते. झाड गेल्यापासून ते गॅलरीतल्या खुर्चीतून हलेनात. दाढी वाढली. आयुष्यभर कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस दोन-दोन दिवस एकाच सदऱ्यात बसे. नवरा म्हणाला, "बाबा, मी करतो दाढी." त्यांनी मान हलवली. दुकानात चला म्हटलं, तर म्हणाले, "आता कुणाच्या हातात गळा द्यायचा?"

शेवटी न राहवून तिनं त्यांना पालवीचं सांगितलं. मग केसांचंही. हसतील, निदान तेवढं तरी, असं तिला वाटलं होतं.

ते हसले नाहीत. "केस पसरलेले होते की सारलेले?"

"सारलेले. मुळाशी."

त्यांनी खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवला. "मी वाऱ्यावर सोडायचो," ते म्हणाले. "मुळाशी माझे बाबा सारायचे. झाडाला खत होतं म्हणायचे. त्यावरून किती बोलणी खाल्लीत मी." मग तिच्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला घेऊन चल. आणि ही खुर्ची पण."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांना घेऊन गेली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रखवालदारानं खुर्ची उचलून शिरीषाखाली नेऊन ठेवली आणि फाटकाकडे परत गेला. सासरे बसले. त्यांनी बुंध्यावरून हात फिरवला, खळी चाचपली.

"तू तुझी बाकीची झाडं बघून ये," ते म्हणाले.

"थांबते ना, बाबा."

"जा ग. बघणारं कुणी असलं की काम नीट होत नाही."

ती रांगेच्या टोकाशी गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून साल खरवडू लागली. ऊन कडक होतं. वारा अगदी पडला होता. पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग ती घरघर थांबली, आणि तिला दुसरा आवाज आला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजल्याचा. सट, सट. सावकाश.

तिनं वळून बघितलं.

सासरे एकटेच होते. मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले, गळा उघडा.

तिला धावत जावंसं वाटलं.

त्यांची हनुवटी डावीकडे वळली. आपण वळवतो तशी नाही. कुणी बोटानं वळवावी तशी.

थोड्या वेळानं उजवीकडे.

चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की हाक मारायला तिची जीभ रेटेना. ती परत आपल्या समोरच्या झाडाकडे तोंड करून उभी राहिली. आपण हे बघायचं नसतं, एवढंच तिला कळलं.

"चल, सूनबाई," हाक आली तेव्हा ते उभे राहून खांदे झटकत होते. दाढी गुळगुळीत. कुठे ओरखडा नाही. त्यांचे थरथरणारे हात तिनं आपल्या हातात घेतले. ते कोरडे होते.

गाडी रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं.

"बाबा, कोण होतं?"

"तेच. हात अजून तसाच हलका आहे." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "बोलतात फार, एवढंच. तुझं कौतुक करत होते. पोरीनं झाड नीट आणलं म्हणाले. तिचंही काहीतरी करायला हवं म्हणाले."

घरी आल्यावर ते पोटभर जेवले. नवरा त्यांच्या गालांवरून हात फिरवून पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि त्यांनी त्याला "झाडबाईला विचार" म्हणून वाटेला लावलं. मग ती भांडी घासायला उभी राहिली तेव्हा नवरा मागं येऊन थांबला.

"तू पण केस कापून आलीस वाटतं?"

"मी कुठे?"

"अग, मागून. अंबाड्याखाली. छान सरळ रेघ घेतलीय."

तिनं ओला हात पुसून मानेवर नेला. अंबाड्यातून कायम सुटणारी बारीक लव गेली होती. कातडी गुळगुळीत लागली, आणि नुकतीच तुरटी फिरवल्यासारखी गार.