तिसरा थर

टेबलावर मुलाम्याचे नमुने म्हणून पोलादाच्या तीन पट्ट्या होत्या, आणि कापडाच्या दुकानात बसल्यासारख्या वहिनी त्या उलटसुलट करून पाहत होत्या.

"भावोजी, तिन्ही काळ्याच की हो!"

"काळ्यात काळं असतं, वहिनी," मुलामेवाला म्हणाला. "ही उकळत्या क्षाराच्या कुंडातली, निळसर. देखणी, पण घामाला हरते. ही करडी, फॉस्फेटची. खरखरीत, तेल धरून ठेवते. आणि ही भट्टीत भाजलेली. खिळ्यानं ओरखडलीत तरी हसेल तुमच्याकडे बघून."

"म्हणजे तुमच्या दादांसारखी. कितीही बोला, ओरखडा नाही."

दोघंही हसले.

मधे कापडावर दादाचं पिस्तूल होतं. तळहाताएवढं. तीन वर्षांनी ते कोर्टातून सुटून आलं होतं, अंगावर गंजाचे फोड घेऊन. परवाना आता वहिनींच्या नावावर होता. पुसायला उघडताना गोळी सुटली आणि दादा गेला, हे त्या सगळ्यांना सांगून थकल्या होत्या. लोक तोंडावर माना डोलवत आणि पाठीमागे म्हणत, पुसतोय कसला? बायकोला कंटाळला आणि सुटला.

खरं काय ते एकट्या मुलामेवाल्याला ठाऊक होतं. आदल्या दिवशी स्प्रिंग बदलून त्यानंच पिस्तूल झाडून पाहिलं होतं. मॅगझिन काढलं, तेवढ्यात फोन वाजला, आणि नळीत चढलेली गोळी पाहायची राहिली. धाकट्याच्या हातून आलंय म्हणजे रिकामंच, या भरवशावर दादानं ते उघडायला घेतलं. माणूस साऱ्या जगाची तोंडं बंद करील हो, पण आपल्याच छातीत बसलेल्याला काय देऊन गप्प करणार?

वहिनींनी निळसर पट्टी निवडली.

तेल उतरवल्यावर धातूला उघडं बोट लावायचं नाही, नाहीतर ठसा मुलाम्यातून वर येतो. धंद्यातला हा पहिला धडा. त्यानं नवे हातमोजे घातले. आकड्याला अडकवूनच पिस्तूल कुंडात सोडलं. वर काढलं, तर नळीच्या बाजूला एक अंगठा उमटलेला. रेघ न रेघ स्पष्ट. मधोमध पटाशीनं कापल्याची आडवी खूण, दादाच्या अंगठ्यावर होती तशी.

त्यानं घासून काढलं. फॉस्फेट दिला. करड्या थरातून अंगठ्याशेजारी दोन बोटं आली.

तिसऱ्या दिवशी वाळूच्या फवाऱ्यानं त्यानं धातू पार पांढरा केला, थर फवारला, भट्टीत ठेवला. दार उघडलं तेव्हा वहिनी पाठीशी येऊन उभ्या होत्या.

अख्खा पंजा उमटला होता.

वहिनी किंचाळल्या नाहीत. वाकल्या, आणि आपला हात हवेतच त्या ठशांवर जुळवून पाहिला. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या. तळवा नळीच्या तोंडाशी.

"असं धरून कोणी जीव देत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पुसायला उघडताना असंच धरायचे ते."

भट्टीचा पंखा फिरत होता.

"मग गोळी आत कशी राहिली, भावोजी?"

"माझ्यामुळे, वहिनी." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मी पाहिलंच नाही. आणि तीन वर्षं तुम्हाला बोलणी खाऊ दिली."

सरळ उभ्या राहत त्या म्हणाल्या, "हे मला नाही, सगळ्यांना सांगायचं. आजच."

"सांगतो."

पिस्तुलावरचा थर आता कोरा काळा होता.

मग त्यांची नजर त्याच्या उजव्या मनगटावर खिळली.

त्यानं हातमोजा ओढून काढला. चार बोटं, एक अंगठा. मनगटाला घट्ट धरल्यासारखी, भाजल्या काळ्या रंगात, कातडीच्या आतून. साबण झाला, थिनर झालं. जाईना.

वहिनींनी त्या खुणांवर दोन बोटं ठेवली. मग त्याचा डावा हात घेऊन तिथली नाडी पाहिली. ती सैरावैरा धावत होती.

उजव्या मनगटातली संथ होती, शेजारी गाढ झोपलेल्या दादाची असायची तशी. वहिनींनी तिथून हात काढला नाही.