मूळ अस्तर

आमच्या कंपनीच्या गाडीच्या नाकावर चांदीचं छोटंसं घुबड असतं. ज्यांना गाडी परवडते ते तिचं पूर्ण नाव घेतात. बाकीचे नुसतं 'घुबड' म्हणतात. घुबड उडतं तेव्हा पंखांचा आवाज होत नाही, म्हणून संस्थापकांनी ते निवडलं असं सांगतात. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, हे कारण कधीच पटलं नाही. "घरावर घुबड बसलं तर लोक दगड मारून हाकलतात, आणि तुम्ही त्याला पॉलिश करून मिरवता!" असं म्हणून ती स्वतःच्याच विनोदावर एवढी मोठ्यानं हसायची की वरच्या मजल्यावरचे लोक खिडकी लावून घ्यायचे.

ताईचा आवाज म्हणजे भोंगा होता. ती शाळेत गणित शिकवायची, आणि तिच्या शेजारच्या वर्गातल्या मुलांचेही पाढे पाठ असायचे. आई-वडील गेले तेव्हा मी शाळेतच होतो. तिनं मला वाढवलं, शिकवलं, आणि त्या गडबडीत स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आम्ही दोघंच एका घरात राहतो. मला कंपनीच्या ध्वनी विभागात नोकरी लागली तेव्हापासून ती मला 'कानसेन' म्हणते.

माझं काम सोपं आहे. गाडीत बसणाऱ्याच्या कानापर्यंत किती आवाज पोहोचतो ते मोजायचं. त्यासाठी आमच्याकडे एक मोठी खोली आहे, गाडी आत येईल एवढी. भिंती, छत, सगळीकडे स्पंजाचे जाड सुळके लावलेले. त्या खोलीत थोडा वेळ थांबलं की स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू यायला लागते. नवे लोक घाबरून बाहेर पळतात. मला तिथं बरं वाटायचं.

कंपनीची ख्याती वेगापेक्षा शांततेची. संस्थापकांच्या बायकोला कसलातरी आजार होता. साधं ताट वाजलं तरी तिचं डोकं फुटायचं. तिच्यासाठी त्यांनी पहिली बंद गाडी बनवली, दारांत आणि छतात स्वतः निवडलेलं राखाडी लोकरीचं अस्तर भरलं. बाई रोज दुपारी त्या गाडीतून फिरायला जाऊ लागल्या. पाहुण्यांना कारखाना दाखवताना आम्ही एक वाक्य ठरल्याप्रमाणे म्हणतो: "त्यानंतर बाईंनी कसलीही तक्रार केल्याचं कुणी ऐकलं नाही." पाहुणे माना डोलावतात. पुढे मंत्र्यांनी या गाडीत बसून तह केले, बड्या डॉक्टरांनी आपले रोगी हिच्यातून हलवले, लढाईच्या काळात एक म्हातारी मागच्या सीटवर झोपली होती आणि मागे पूल कोसळला तरी तिची झोप मोडली नाही, अशा कितीतरी गोष्टी. खऱ्या किती आणि रंगवलेल्या किती, देव जाणे. पण गाडी विकली जाते ती या गोष्टींवर.

कंपनीला शंभर वर्षं होणार होती, तेव्हा आमच्या संचालकसाहेबांनी मला बोलावलं. "ती पहिली गाडी अजून संग्रहालयात आहे. तिची शांतता मोजा. जाहिरातीत टाकू."

संग्रहालयाचे राखणदार हे एक सडपातळ, वयस्कर गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणतात. गाडी ढकलत माझ्या खोलीत आणली तेव्हा ते सोबत आले, आणि मी मायक्रोफोन मागच्या सीटवर ठेवायला वाकलो तर म्हणाले, "हात घालून ठेवा. आत बसायचं काम नाही ना?"

"नाही."

"मग ठीक."

मी दार लावलं आणि यंत्र सुरू केलं. रिकाम्या खोलीचा जो आकडा असतो, त्याच्याही खाली आकडा आला. असं होत नाही. बंद डब्यातसुद्धा यंत्राची स्वतःची थोडी कुरकुर असतेच. मी मायक्रोफोन बदलला, वायर बदलली, दुसऱ्या विभागाचं यंत्र मागून आणलं. आकडा तोच. जुनं अस्तर ओलसर असेल, वायरीत काही दोष असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी 'फेरतपासणी आवश्यक' असा शेरा मारला. साहेबांनी शेरा वाचला नाही. आकडा वाचला.

पुढच्या रविवारी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी कारखाना खुला होता. पहिली गाडी मैदानात मधोमध उभी केली होती. ताई नवी साडी नेसून आली होती आणि मला काही कळायच्या आत मागचं दार उघडून आत बसलीसुद्धा.

"ताई, नका बसू," काका म्हणाले. फार हळू म्हणाले.

"एक फोटो काढते हो! खाऊन टाकत नाही तुमची गाडी!" असं म्हणत तिनं दार ओढून घेतलं.

काचेतून ती दिसत होती. हात हलवून काहीतरी सांगत होती, हसत होती. आवाज अजिबात नव्हता. गाडीची कीर्तीच ती, तेव्हा मला नवल वाटलं नाही. मग तिचं हसू ओसरलं आणि ती मान मागे टेकून, डोळे मिटून बसून राहिली. मी दोन फोटो काढले. शेवटी मीच दार उघडलं.

"काय बरं वाटलं रे आत," ती उतरता उतरता म्हणाली. "डोकं असं रिकामं कधी झालंच नव्हतं."

त्यानंतरचे काही दिवस मला वाटत होतं, माझेच कान गेले. ताई स्वयंपाकघरातून माझ्या मागे येऊन उभी राहायची आणि मी दचकायचो. तिच्या चपला वाजत नव्हत्या. एकदा तिच्या हातून पातेलं सुटलं. ते फरशीवर पडलेलं, गरगर फिरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मी उठून तेच पातेलं मुद्दाम पाडलं, तर कानठळ्या बसल्या.

"अरे, काय खुळ्यासारखं करतोस?" ताई म्हणाली. तिचा आवाज शेजारच्या घरातून यावा तसा आला.

शाळेत मुलं म्हणायला लागली, बाई, मोठ्यानं बोला. तिला आधी हसू आलं, मग राग आला. कारण तिला स्वतःला तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत ऐकू येत होता. "सगळे मिळून माझी चेष्टा करताहेत," ती मला म्हणाली. मी दोनदा "काय?" म्हणालो तेव्हा तिचे डोळे भरून आले.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. "घसा एकदम उत्तम. स्वरतंतू तरुण मुलीसारखे आहेत," ते म्हणाले आणि मला बाजूला घेऊन त्यांनी घरात काही ताण आहे का ते विचारलं.

मग मी तिला माझ्या खोलीत नेलं. तिला खुर्चीवर बसवलं, समोर मायक्रोफोन ठेवला, आणि पाढे म्हणायला सांगितलं. तिनं मान ताठ केली आणि सुरुवात केली. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मी यंत्राकडे पाहिलं.

ती बोलायची तेव्हा आकडा उतरायचा. श्वास घ्यायला थांबली की पुन्हा वर यायचा.

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबली. 'काय रे?' असं तिनं विचारलं असावं. ते मी ओठांवरून ओळखलं.

मी तसाच काकांकडे गेलो. संग्रहालयात दुसरं कुणी दिसत नव्हतं. काका गाडीचं चाक पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, फडका घडी करून ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "मग नीट सांगितलं का नाही?"

"काय सांगणार होतो? आणि सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

"यावर उपाय काय?"

"माझ्या आधी इथं माझे दादा होते," काका म्हणाले. "थोरला भाऊ. एका दुपारी उन्हं फार होती म्हणून घटकाभर आत आडवे झाले. आम्ही सगळे उपाय केले. डॉक्टर झाले, देव झाले."

"आता कुठं असतात?"

काकांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

माझ्या पाठीशी, हाताच्या अंतरावर, एक म्हातारा उभा होता. त्याच्या हातात फडका होता. तो माझ्याशी बोलत होता. भराभर, जीव तोडून, मान पुढे काढून बोलत होता. त्याच्या तोंडाचा वारा माझ्या गालाला लागत होता.

"काय म्हणताहेत?" मी विचारलं.

"पूर्वी ओठांवरून कळायचं," काका म्हणाले. "हल्ली तेही कळत नाही."

मी साहेबांकडे जायचं ठरवलं, कारण एव्हाना जाहिरातीची तयारी पुढे गेली होती. शंभरीच्या निमित्तानं खास गाड्या निघणार होत्या, आणि पहिल्या गाडीचं अस्तर उसवून त्याचा तळहाताएवढा तुकडा प्रत्येक गाडीच्या छतात शिवला जाणार होता. 'मूळ शांतता, आता तुमच्या गाडीत.' ही कल्पना माझ्या आकड्यावरूनच सुचली, असं म्हणून साहेबांनी सभेत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं.

ताईला मी सोबत नेलं. मी बोललो, आकडे दाखवले. साहेब सज्जन माणूस. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. "घसा बसलाय वाटतं? हवाच तशी आहे," ते म्हणाले.

तेव्हा ताई उठली. टेबलावर दोन्ही हात टेकून तिनं त्यांच्या तोंडावर ओरडायला सुरुवात केली. मी तिला ओळखतो. ती अख्खं मैदान ऐकेल अशा आवाजात ओरडत होती. तिचा चेहरा लाल झाला, थुंकीचे थेंब टेबलाच्या काचेवर पडले. तिनं पेपरवेट उचलून काचेवर आपटलं. काचेला तडा गेला. आवाज झाला नाही.

साहेबांच्या फोनवर काहीतरी आलं होतं. ते वाचत होते. वर पाहिलं तेव्हा ती दमून बसली होती.

"काळजी घ्या त्यांची," ते मला म्हणाले. "आणि हवी तर रजा घ्या."

ताईनं शाळा सोडली.

सुट्टीच्या एका सकाळी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. चहा झाला. दुसरा चहा झाला. ताईला अंघोळीला फार वेळ लागतोय असं वाटून मी न्हाणीघराच्या दाराशी गेलो, हाक मारली आणि मग स्वतःच्याच मूर्खपणावर चिडून दार खांद्यानं तोडलं.

ती ओल्या फरशीवर पडली होती. पाय कमरेपासून वाकडा झाला होता. बादली पार चेपली होती, कारण ती तिनं दारावर आपटली होती. दाराच्या आतल्या बाजूला तिच्या मुठींचं रक्त होतं. मी दाराच्या पलीकडे, पेपरची पानं उलटत बसलो होतो, आणि पानांची सळसळ मला नीट ऐकू येत होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी तिनं ओठ हलवले नाहीत.

पाय जोडला गेला. घरी आल्यावर मी तिच्या मनगटाला एक लांब दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. घरात असतो तेव्हा आम्ही तसेच असतो. ती ओढते, मी जातो. कधी कधी ती काही नको असतानाही ओढते. मी जाऊन शेजारी बसतो.

नोकरी मी सोडू शकलो नाही. दवाखाना, घर, सगळं त्यावरच. काहीतरी अडवता येईल, असंही एक मन म्हणायचं. काही अडवता आलं नाही. मी लेखी दिलं, तोंडी सांगितलं, अस्तर शिवणाऱ्यांच्या हातापाया पडलो. लोक ऐकून घेत आणि ताईची विचारपूस करत. सगळ्या गाड्या बाजारात यायच्या आधीच विकल्या गेल्या होत्या.

त्या खास गाड्यांपैकी पहिली गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना शेवटची तपासणी म्हणून मला शोरूमला पाठवलं. एक तरुण जोडपं आलं होतं. बाईच्या कडेवर तान्हं बाळ होतं, आणि ते अंगण डोक्यावर घेऊन रडत होतं. दात येत असतील. बिचारी ओशाळून गेली होती. "सकाळपासून असंच चाललंय," ती सगळ्यांना सांगत होती.

"आत बसून तर बघा," विक्रेता हसून म्हणाला आणि त्यानं दार उघडून धरलं.

मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होतो. "थांबा!" म्हणून ओरडलो, पळालो. दार मिटलं. मी काचेवर हात मारले. आत बाईचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिनं डोळे मिटले आणि मान मागे टेकवली. विक्रेत्यानं मला दंडाला धरून बाजूला केलं.

बऱ्याच वेळानं ती उतरली. बाळ खांद्यावर टाकलेलं, हात त्याच्या पाठीवर.

"बघा ना, कसा शांत झाला," ती नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला.

ती बाळाला थोपटत माझ्या समोरून गेली. बाळाचं तोंड मागच्या बाजूला, माझ्याकडे होतं. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या, चेहरा लालबुंद झाला होता, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि घसा दिसेल एवढं तोंड त्यानं उघडलं होतं.