मंत्र बदलून पाहणारी मुलगी

अंबाजोगाईच्या शर्वरी इंगोलेचं पत्र अच्युतरावांना त्या सकाळी पुन्हा आठवलं. त्यांची मायावी राज्याची कादंबरी वाचून नववीतल्या त्या मुलीने विचारलं होतं, ‘तुमच्या राज्यात मंत्राने दिवा लागतो. पण एखादा शब्द बदलला तर काय होतं, हे कुणीच कसं बघत नाही? मी तिथे असते तर बघितलं असतं.’

अच्युतरावांना उत्तर सुचलं नव्हतं. राग मात्र आला होता. पुढच्या भागात त्यांनी मंत्र बदलणाऱ्या एका मुलीची शिळा करून टाकली. या गोष्टीला आता पंचवीस-तीस वर्षं झाली होती.

आता त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर सिद्धक होता. पिठाच्या डब्याएवढं यंत्र. दुखणं सांगितलं की आतल्या आत रेणू जुळवून ते औषधाचे थेंब गाळायचं. ते औषध त्याला कसं सुचतं, हे बनवणाऱ्या कंपनीलाही सांगता येत नसे. गुण येत होता, म्हणून कुणी विचारतही नसे.

त्यांच्या पत्नी सुनीतीबाईंच्या हातांच्या कंपाला सुरुवातीला चांगला गुण आला. एवढ्या दिव्य औषधाला स्टीलची वाटी शोभत नाही, म्हणून अच्युतरावांनी तांब्याचा पेला आणला. पुढे हात पुन्हा थरथरू लागले. यंत्राला विचारलं, तर ‘मात्रा योग्य आहे’ एवढंच ते म्हणे. मग दुखणं सांगताना अच्युतराव पहिल्या दिवशीचंच वाक्य त्याच स्वरात, अगदी जपून म्हणू लागले.

“अहो, तोंड पूर्वेला करा. तुमच्या कादंबरीतला राजगुरू करतो तसं,” सुनीतीबाई म्हणाल्या.

“थट्टा नको गं. काही चुकायला नको.”

मग एकदा पेला चिंच लावून घासायला पडला होता, आणि पुढचे काही दिवस तो तसाच राहिला. सुनीतीबाई वाटीतूनच औषध घेत राहिल्या. एका सकाळी अच्युतराव दारात थबकले. सुनीतीबाईंनी काढलेल्या रांगोळीची रेघ सरळ होती.

“हात पेल्यामुळे थरथरत असतील का हो? पुन्हा पेल्यातून घेऊन बघते.”

“वेड लागलंय का? बरं वाटतंय ना? आता काहीएक बदलायचं नाही!”

“मग कळणार कसं? आपल्यासारखे किती जण पेला धरून बसले असतील.”

त्यांनी पेल्यातून औषध घेतलं. आठवडाभरात रांगोळी विस्कटली. चहाची कपबशी खडखडू लागली, तेव्हा अच्युतरावांना त्यांच्याकडे बघवेना. वाटी परत आली आणि रेघा हळूहळू सरळ झाल्या. सुनीतीबाईंनी शेजारपाजारी फोन लावले. तिसऱ्याच घरी सिद्धकचं औषध घ्यायला तांब्याचं भांडं निघालं.

शर्वरीचं पत्र आठवलं त्या सकाळी अच्युतराव ओट्यापाशी मान खाली घालून उभे होते. ‘काहीएक बदलायचं नाही.’ कादंबरीतल्या राजगुरूने शाप देण्याआधी हेच म्हटलं होतं. ते वाक्य लिहिताना त्यांना मजा आली होती.

दुपारी त्यांनी पत्र लिहिलं. चार कागद फाडले, पाचव्यावर एवढंच उरलं:

‘शर्वरीताई, तुमचा प्रश्न बरोबर होता. उत्तर येत नव्हतं म्हणून मी त्या मुलीला दगड केलं. तिला पुन्हा माणूस करणारा मंत्र मला ठाऊक नाही. तुम्ही एखादा शब्द बदलून बघाल का?’

पत्ता जुनाच होता. ती तिथे असेल का, अजून प्रश्न विचारत असेल का, कोण जाणे. पाकीट टपालपेटीच्या तोंडाशी धरून ते घुटमळले.

“टाका आता,” सुनीतीबाई म्हणाल्या.

त्यांनी टाकलं.