सरळ झालेला चेहरा

पडद्यावर हेरंब दिसला तो तुकड्यातुकड्यांनी. कपाळावरून हिरव्या पट्ट्या ओघळत होत्या आणि डावा गाल तापल्या मेणासारखा खाली घसरला होता.

“भुतासारखा दिसतोयस,” शर्मिष्ठा म्हणाली.

“तुझा तो… पुरातन डबा बदल,” तो सावकाश म्हणाला. “मी ठीक आहे. थंडीनं जीभ आखडलीय, इतकंच.”

शर्मिष्ठा देवकुळे अंबाजोगाईजवळच्या माळावरील खगोल केंद्राची प्रमुख होती. तिचा नवरा हेरंब हिमालयातल्या लाहौलच्या बर्फात, केंद्राच्या उंचावरील दुर्बिणीपाशी हिवाळी राखणदार म्हणून राहिला होता. सोबतच्या राखणदाराच्या पायाला हिमदंश झाल्यामुळे तो खाली गेला होता आणि वर हेरंब एकटाच उरला होता. पायथ्याशी हेलिकॉप्टर उभं होतं. दुपारनंतर वादळ सुरू होणार होतं, म्हणजे हेरंबला आणायचं तर आत्ताच.

निर्णय हेरंबचा नव्हता. विरळ हवेत माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज आधी बिघडतो, म्हणून वरचा काय म्हणतो ते न ऐकता खालच्याने त्याचा चेहरा पाहून ठरवायचं, असा केंद्राचा नियम होता. तो शर्मिष्ठानेच आग्रहाने आणला होता.

आणि चेहराच दिसत नव्हता.

तिने दृश्य-संकेतनाचा, म्हणजे चित्रं लहान करून पाठवण्याच्या तंत्राचा, तज्ज्ञ तौफिक मुजावर याला बोलावलं. तो शेजारच्या खोलीतून चहाचा कप घेऊनच आला.

“ताई, हा संगणक अजून जिवंत आहे?”

“उपग्रहाचे संकेत घेणारं कार्ड याच्याच जुन्या लिनक्सवर चालतं. नव्याला त्याचा ड्रायव्हर नाही. टोमणे नंतर मार. हेलिकॉप्टर थांबलंय.”

तौफिक खुर्ची ओढून बसला. साठवलेली एक चित्रफीत त्याने साध्या प्लेअरमध्ये लावली. ती स्वच्छ दिसली. तीच ब्राउझरमध्ये लावताच हिरव्या पट्ट्या आल्या.

“म्हणजे जोडणी बरी आहे. ब्राउझर चित्र उलगडायचं काम चित्रचिपवर, ग्राफिक्सच्या चिपवर, टाकतोय आणि जुनी चिप ते अर्धवट सोडतेय.”

“अर्धवट म्हणजे?”

“डोंगरावरून हेरंबदादांचं चित्र येतच नाही, ताई. एवढी रुंद वाट कुठे आहे? त्यांच्या चेहऱ्याचा साचा इथे आधीच साठवलेला आहे. वरून येतात ते फक्त फरक. ओठ किती हलले, भुवई किती उचलली. शेवटच्या टप्प्यात ते फरक साच्यावर बसवून चेहरा घडवायचा. आपण त्याला पुनर्रचना म्हणतो. तुमची चिप त्या टप्प्याआधीच मान टाकते.”

“आणि एखादा फरक साच्यात बसलाच नाही तर?”

“तो गोंधळ समजून काढून टाकतात. वाटेत लहरी बिघडतातच.”

त्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये चित्रचिपचा वापर बंद केला, सगळं काम मुख्य प्रोसेसरकडे सोपवलं आणि ब्राउझर पुन्हा सुरू केला. पंखा घरघरू लागला.

हिरव्या पट्ट्या गेल्या. गालही जागेवर आला. हेरंब समोर बसला होता, शांत, नीटस, दोन्ही बाजू सारख्या.

शर्मिष्ठाला हायसं वाटलं. दोन दोष होते, ओघळ आणि घसरलेला गाल; एकाच उपायाने दोन्ही गेले. जिथे एक कारण पुरतं तिथे दुसरं शोधू नये, हे ती वीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आली होती.

“आता कसा… दिसतो?” हेरंबने विचारलं.

“लग्नातल्यासारखा.”

“मग त्या वैमानिकाला जेवायला… सोड.”

तिने हेलिकॉप्टर परत पाठवलं.

वादळ सुरू झालं. दुसऱ्या दिवशी हेरंब कमी बोलला. तिसऱ्या दिवशी बोललाच नाही. पण तो समोर होता, पापण्या मिटत होता, तिच्याकडे पाहत होता. रुसला की तो असाच बसायचा. ती त्याच्याशी बोलत राहिली: दुर्बिणीच्या आरशाबद्दल, मुलीच्या परीक्षेबद्दल. मग तिला वाटलं, ध्वनिग्राहक, म्हणजे माइक, गोठला असेल. वादळ ओसरल्यावर तिने बचाव पथकाला निरोप दिला, “घाई नाही. प्रकृती चांगली दिसते. नवा ध्वनिग्राहक तेवढा घेऊन जा.”

पथक दोन मुक्काम करत सवडीने चढलं.

ते पोचले तेव्हा शर्मिष्ठा आणि तौफिक पडद्यासमोर होते. हेरंब पुढे झुकला. त्याचे ओठ हलले. आवाज स्पष्ट आला, पण तो हेरंबचा नव्हता.

“मॅडम, मी सुभेदार जगदाळे. पथकातला.”

“हेरंब, ही कसली थट्टा?”

“जगदाळे बोलतोय, मॅडम.” हेरंबच्या चेहऱ्याने आवंढा गिळला. “साहेब टेबलावर डोकं टेकून आहेत. जाऊन चार-पाच दिवस तरी झाले असावेत. पथकाचे डॉक्टर म्हणतात मेंदूत रक्ताची गाठ अडकली. डावी बाजू… तोंड पार वाकडं झालंय.”

शर्मिष्ठाने तौफिककडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“तो पापण्या मिटत होता,” ती म्हणाली. “मी रोज पाहिलंय.”

“फरक यायचे थांबले तर चित्र गोठलेलं दिसू नये म्हणून साचा स्वतःच पापण्या मिटतो.” तौफिक म्हणाला. “समोर कोणीही आलं तरी त्यावर तोच चेहरा बसवतो. आता वरच्यासाठी साचा एकच ठेवलाय, ताई.”

“आणि तो गाल…”

“साच्यात बसत नव्हता.”

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. हेरंबचे डोळे भरून आले होते. तेवढा फरक साच्यात बसत होता.

“जगदाळे,” ती म्हणाली, “कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हा. मला खोली पाहायची आहे.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बूट लांब गेले. दार उघडलं, वारा आत आला.

“झालो, मॅडम,” जगदाळे लांबून म्हणाला. “आता कॅमेऱ्यासमोर कोणी नाही.”

पडद्यावर हेरंब ताठ बसला होता. त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि तो तिच्याकडे पाहत राहिला.