जोडे काढून बसा

माझ्या शिरडाकवर, मी शिवलेल्या लोकरी गालिच्यावर, एक माणूस खुशाल मांडी घालून बसला होता.

दोरीच्या आत! बूट काढून, कडेला नीट लावून, पाठ भिंतीला टेकवून... जणू मीच त्याला चहाला बोलावलंय. बिश्केकच्या आमच्या विद्यापीठातल्या कलादालनात उद्घाटन दोन दिवसांवर आलं होतं आणि रखवालदार बोंबलत होता, "उठा! ते प्रदर्शनातलं आहे! त्यावर बसायचं नाही!"

"शिरडाक आहे ना?" त्या माणसानं लोकरीची जाड कड चाचपली. "मग बसायचं नाही तर काय, डोक्यावर घ्यायचा?"

मी कुबड्या टेकत जवळ गेले, तेव्हा त्याच्या मांडीशेजारची पांढरी काठी दिसली.

"ओरडू नका, दादा," मी रखवालदाराला म्हटलं. "शिरडाक माझा आहे. बसू दे त्यांना."

"मालकीणबाई आल्या वाटतं." तो माझ्या आवाजाकडे वळून हसला. "चहा मिळेल?"

"आगाऊच आहात!"

"नाव एरमेक. आगाऊ हे आडनाव."

मला हसू आवरेना. मीही बूट काढले, कुबड्या बाजूला टाकल्या आणि बसले. अख्खा हिवाळा खपून केलेल्या त्या शिरडाकवर टेकायची माझीही ती पहिलीच वेळ.

खरं सांगते, तोवर मी नुसती धुमसत होते. प्रदर्शन अपंग कलाकारांचं. आयोजक गुलसून एजे, म्हणजे गुलसूनताई, मनाच्या वाईट नाहीत, पण त्यांनी प्रदर्शनाला नाव दिलं होतं 'असूनही'. पाय अधू असूनही, डोळे गेलेले असूनही... शिरडाकच्या वर भिंतीवर माझा फोटो, शिरडाकहून मोठा. उद्घाटनाला मी माईकवर माझ्या अपघाताची गोष्ट सांगायची, जमल्यास थोडं रडायचं. हे मान्य नसेल तर शिरडाक गुंडाळून घरी न्यायचा, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं होतं. समोरच्या टेबलावर एरमेकनं घडवलेल्या मातीच्या शिट्ट्या होत्या, चिमण्यांच्या, मेंढ्यांच्या आकाराच्या. वर पाटी: हात लावू नये.

"म्हणजे माझ्याच कामाची ओळख मलाच बंद," एरमेक म्हणाला. "बाकीचे निदान बघू तरी शकतात!"

बोलता बोलता त्याची बोटं शिवणीवरून फिरत होती. एकदम थांबली. "हा एकटा नाही. याच्या जोडीचा कुठाय?"

बरोबर ओळखलं होतं त्यानं. शिरडाक एकटा होतच नाही. दोन रंगांचे नमदे, लोकर दाबून केलेली जाड कापडं, एकावर एक ठेवून एकाच सुरीनं नक्षी कापायची. याची नक्षी त्याच्यात बसवायची, त्याची याच्यात. शेवटी दोन तयार होतात, आणि ती जोडी लेकीच्या रुखवतात जाते.

"घरी आहे," मी म्हटलं. "आई गिऱ्हाईक शोधतेय. म्हणते, तुला कुठं लागणारेय रुखवत!"

"आणि तू काय म्हणालीस?"

'तुम्ही'वरून 'तू'वर तो कधी आला, कळलंच नाही. मी काय म्हणाले होते? काहीच नाही. जगाला फाडकन उत्तर देणारी मी, आईपुढे मान खाली घालून लोकर पिंजत बसले होते. ते आठवून आता मला माझाच राग आला.

"रंग कुठले?" त्यानं हळूच विषय बदलला.

"काळा आणि लाल."

"कसला लाल? नऊ वर्षांचा होईपर्यंत दिसायचं मला. शाळेबाहेर काडीवरचा साखरेचा कोंबडा मिळायचा बघ... तो उन्हात धरल्यावर दिसायचा तसा?"

"नाही. त्याहून गडद. तो चोखून चोखून जीभ व्हायची ना, तसा."

"असं होय! जीभ दाखवू?"

"आगाऊ!" मी म्हटलं. कान मात्र तापले होते...

उद्घाटनाच्या दिवशी बाहेर पावसात बर्फ मिसळला होता. ओले जोडे वाजवत पाहुणे आले, कुलगुरू आले. ओलसर हवेत माझा शिरडाक मेंढीसारखा दरवळायला लागला. गुलसून एजेंनी माईक हातात दिला आणि डोळ्यांनी खुणावलं, हं, सांग!

मी माईक तोंडाशी धरला. आणि बोलले.

"माझा अपघात इथं मांडलेला नाही. शिरडाक मांडलाय. तो चांगला जमलाय की वाईट, हे लांब उभं राहून कळणार नाही. जोडे काढा आणि बसा."

मी दोरी सोडली. कोणी हललं नाही. एजेंचा चेहरा पांढराफटक पडला. संपलं, मला वाटलं, आता गुंडाळा आणि चला घरी.

तेवढ्यात गर्दीतून बूट ओढून काढल्याचा आवाज आला. एरमेक! मोज्याला भोक, त्यातून अंगठा सगळ्यांसमोर बाहेर.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "आम्ही आत आलो हं!" आणि ऐसपैस बसला.

मग कुलगुरूच खाली वाकले. पहाडातला म्हातारा माणूस. यजमानानं बसा म्हटल्यावर आमच्यात नाही म्हणता येत नाही. कण्हत कण्हत नाड्या सोडल्या, बसले, नक्षीवरून हात फिरवला. "माझ्या आईची शिवण याहून बारीक होती," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कोणीतरी शेवटी शिवणीबद्दल बोललं होतं. बघता बघता शिरडाकवर जागा उरली नाही. एरमेकनं शिट्ट्या वाटल्या. कुलगुरूंनी फुंकली ती भलतीच बेसूर वाजली.

"पुढच्या वर्षी तुला बोलावणार नाही," एजे माझ्या कानात फुत्कारल्या.

"नका बोलावू," मी म्हटलं. "पण तो फोटो आज उतरवा." त्यांच्याही हातात त्यांचे जोडे होते.

प्रदर्शन महिनाभर चाललं. एरमेक रोज यायचा, शिरडाकवर बसायचा, लोकांना चिमण्या वाजवायला शिकवायचा. मी रोज चहा आणायचे. बोलणं सगळ्याचं व्हायचं — फक्त संपल्यावर काय, एवढं सोडून. संपलं की तो काराकोलला त्याच्या गावी परतणार होता.

शेवटच्या दिवशी मी शिरडाक अर्धा गुंडाळला होता. एरमेक बूट घालून, पिशवी खांद्यावर टाकून उभा होता. दोघांनाही निरोप घेता येईना. तेवढ्यात आईचा फोन आला.

"गिऱ्हाईक दारात उभं आहे. दुसरा शिरडाक देऊन टाकू ना?"

"नको देऊस."

"अगं, पडून राहील!"

"नाही राहणार. रुखवतात लागणारेय."

"कुणाच्या?"

"माझ्या," मी म्हटलं. मोठ्यानं. रखवालदारानंसुद्धा मान वळवली.

पलीकडे आईनं दार लावल्याचा आवाज आला. मग ती बारीक आवाजात म्हणाली, "मुलाला विचारलंस का?"

"थांब, विचारते."

फोन छातीशी धरून मी वळले. छाती अशी धडधडत होती की आईला नक्की ऐकू गेलं असणार.

"एरमेक..."

त्यानं पिशवी खाली ठेवली होती. शिरडाकच्या न गुंडाळलेल्या कडेपाशी वाकून तो बुटांच्या नाड्या सोडत होता.