जागलीला दिलेली ओ

पटत नसेल तर वाचू नका. पण मी जन्मलो त्या रात्रीची गोष्ट आहे, खोटं बोलून मला काय मिळणार?

साल १९५६, पौष महिना. उमरेडकडचं राखीव जंगल.

बाबा, नत्थूजी, तिथे नाकेदार होते, म्हणजे जंगलखात्याचे रखवालदार. जंगलाच्या पोटातली शेतं सरकारनं घेतली होती, माणसं बाहेर वसवली होती. तिथे पुन्हा रान उभं करायचं आणि चितळं परत आणायची, हे बाबांचं काम. आषाढात मोह, पळस पेरले. थंडीपर्यंत गवत कमरेला लागलं.

पण जनावर फिरकेना...

एक खूर नाही. एक लेंडी नाही.

आणि एका संध्याकाळी त्या ओसाड शिवारातून हाक आली...

"होऽऽ..."

आमच्याकडे पिकाची जागल करणारा मचाणावरून अशी हाक देतो. शेजारच्या शेतातल्यानं ओ द्यायची, म्हणजे त्याला धीर येतो. इथली मचाणं तर खात्यानं कधीच मोडली होती. पण बाबा मौद्याकडचे, शेतात वाढलेले. सवयीनं तोंडातून "होऽऽ" निघून गेलं.

झालं. त्यानंतर त्यांना शिवाराबाहेर पडताच येईना. धुऱ्यापर्यंत, म्हणजे शिवाराच्या बांधापर्यंत यायचे... आणि मागे वळायचे. ओ दिली, आता जागल माझ्यावर आली, एवढंच बोलायचे.

इकडे शहरात, महाल भागातल्या घरी, आई बाळंतपणात अडली. दाईनं हात टेकले, नवऱ्याला बोलवा म्हणाली. धाकटा केशवकाका सायकल मारत गेला. भुताखेतांची टिंगल करणारा माणूस तो.

बाबा धुऱ्यावर उभे होते. पाय उचललेला, अंग घामानं भिजलेलं.

दिवस बुडाला. हाक आली...

बाबांचे ओठ हलले. काकानं त्यांच्या तोंडावर हात दाबला.

"दादा, तू जाय. वहिनी तुयी वाट पाहून राहिली."

"अन् तू गा?"

काका हसला. शिवाराकडे तोंड करून त्यानं ओ दिली.

बाबांचा पाय धुऱ्यापलीकडे पडला. सायकल काकासाठी ठेवून ते सडकेवर मिळालेल्या ट्रकनं रातोरात घरी पोचले.

पहाटेआधी मी जन्मलो. आई वाचली. सकाळी बाबा माणसं घेऊन परत गेले. धुऱ्याला सायकल टेकलेली होती. काका नव्हता. ओल्या गवतात पाऊलसुद्धा नव्हतं.

आज तिथे दाट रान आहे. चितळं मात्र त्या तुकड्यात अजून शिरत नाहीत. संध्याकाळी कुणीतरी हाक देतं म्हणे. आवाज तरण्या माणसाचा आहे.

मी सत्तरीला टेकलो, पण तिकडे एकदाही गेलो नाही. भुताला भीत नाही मी. पण काकाची हाक आली, तर गप्प कसा राहू?